अंगठ्याभोवतीचे ठिपके

जंतू वाढवायच्या, रक्त मिसळलेल्या खाद्याच्या प्लेटवर माझा उघडा अंगठा टेकला, आणि मी गुपचूप झाकण लावून टाकलं. इस्पितळाच्या तपासणीच्या खोलीत नोकरीला लागून मला तिसराच आठवडा होता. गावच्या शाळेत मी विज्ञानात पहिला येत असे. ही फुशारी इतक्या लवकर संपवायची नव्हती.

प्लेट एका शिंप्याची होती. महिनाभर ताप, हृदयाच्या झडपेवर जंतू. त्याचं रक्त बाटलीत ठेवलं की गढूळ व्हायचं, मायक्रोस्कोपखाली जंतूंच्या साखळ्या दिसायच्या. पण प्लेटवर पसरले की सगळे गायब. आणि जो वाढत नाही, त्याच्यावर औषध पारखायचं कसं? "अंदाजाने किती दिवस रेटू? झडप जाईल हो त्याची," काकूंना डॉक्टर म्हणाले होते.

काकू म्हणजे आमच्या थोरल्या तंत्रज्ञ. तीस वर्षं एका डोळ्याने जंतू बघून त्यांचा दुसरा डोळा कायम स्वप्नात असल्यासारखा अर्धा मिटलेला. जंतूंशी त्या रुसलेल्या भाच्याशी बोलावं तशा बोलत. "काय हवंय रे बाबा तुला? वाढलेलं आवडत नाही का?"

दोन दिवसांनी उबेच्या कपाटातून प्लेट काढली. अंगठ्याच्या जागी जाडजूड पिवळट डाग. मी ती टाकायला निघालो.

"थांब. बिघडलेली प्लेट मला दाखवल्याशिवाय टाकायची नाही, ठाऊक आहे ना?"

त्यांनी ती खिडकीशी तिरपी धरली. दुपारचं ऊन त्या लाल वर्तुळात सांडलं. काकूंचा अर्धा डोळा पुरताच मिटला, मला वाटलं डुलकी लागली.

"काकू?"

"हळू. दचकतील."

डागाभोवती दवासारखे बारीक ठिपके होते. बाकी प्लेट कोरी.

"हा मधला ढेरपोट्या कोण?"

"माझा अंगठा," मी पुटपुटलो.

"वा, शास्त्रज्ञ! तुझ्या कातडीवरचा जंतू जे बनवून सांडतो, तेच खाऊन आपले महाराज जगतायत. शेजारच्या स्वयंपाकावर!"

मग त्यांनी रीतसर खात्री केली. शिंप्याचे जंतू दोन नव्या प्लेटवर पसरून एकीवर कातडीच्या जंतूची रेघ ओढली, दुसरीवर, असे हट्टी जंतू बहुधा ज्याचे भुकेले असतात त्या बी-सहा जीवनसत्त्वात बुडवलेली कागदी टिकली ठेवली. दुसऱ्या दिवशी ठिपके दोन्हीकडे, फक्त रेघेलगत आणि टिकलीभोवती. नखरा कळला, जंतूचं नाव लागलं. खाद्यात तेच जीवनसत्त्व घालून काकूंनी औषधं पारखली. डॉक्टरांनी दोन औषधांची जोडी सुरू केली. सहाव्या दिवशी ताप उतरला. झडप वाचली.

काकूंनी नोंदीत लिहिलं, 'बाहेरच्या जंतूच्या आधाराने वाढ.' अंगठा कुणाचा, ते लिहिलं नाही.

"ते न लिहिण्याच्या बदल्यात एक दुपार देशील?" त्या म्हणाल्या. "मी मागेन तेव्हा तू एकट्याने मायक्रोस्कोपवर बस. मी खिडकीत बसेन. नुसती."

मी लगेच हो म्हणालो. त्याला आता आठ महिने झाले. साखळ्या मला अजून एकट्याने ओळखता येत नाहीत, आणि काकूंनी ती दुपार मागितलेली नाही.