वन्सं लाइव्ह येतात

माझ्या नवऱ्याची मोठी बहीण, म्हणजे आमच्या वन्सं, बोलताना अडखळतात. एखादं अक्षर घशात अडलं की मागचं अख्खं वाक्य ताटकळतं. त्यामुळे लहानपणापासून त्यांच्या वतीनं कुणी ना कुणी बोलत आलं. शाळेत मैत्रीण, घरी आई आणि आमच्या शिवणकामाच्या दुकानात माझा नवरा. त्यांनी "का..." म्हणायचा अवकाश, हा "कात्री का, ताई?" म्हणून मोकळा. त्या मान डोलवायच्या. खरं तर हवं असायचं कापड. मग गुपचूप उठून स्वतःच घ्यायच्या. लग्न होऊन या घरात आले तेव्हा कित्येक महिने मला वाटायचं, ही बाई भारी शिष्ट आहे.

दुकानाच्या पुढच्या भागात काउंटर, तिथे माझा नवरा. पडद्यामागे शिवणाची खोली, तिथे वन्सं. गिऱ्हाइकाला त्यांची फक्त मशिन ऐकू यायची.

सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात कायमचा लुळा पडला. शर्ट घालायचा म्हणजे आम्ही दोघांनी धरायचं आणि त्यांनी कळवळून ओरडायचं. एका सकाळी वन्संनी त्यांचा आवडता निळा शर्ट घेतला आणि कुणाला काही न सांगता उसवायला बसल्या. खांद्यापासून बाहीच्या टोकापर्यंत उघडणारा, आतून वेल्क्रोची चिकटपट्टी लावलेला शर्ट तयार झाला. पुढची बटणं नुसती दिसायला, खाली तीच पट्टी. सासऱ्यांनी तो एका हातानं घातला आणि आरशासमोर इतका वेळ उभे राहिले, की सासूबाई म्हणाल्या, "आता पुरे, नवरदेव!"

सासरे गेले, पण तो शर्ट कुणी कुणी पाहिला होता. दर महिन्याला एखाददुसरं माणूस विचारत यायचं. कुणाच्या आईचा हात वर होत नाही, कुणाचा भाऊ चाकाच्या खुर्चीत. वन्सं ते कपडे जीव ओतून शिवायच्या, पण काय हवं, कुठे दुखतं, हे सगळं माझ्या नवऱ्यामार्फत चालायचं.

मग त्याच्याच गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि काउंटर ओस पडला. फोन वाजायचा, वन्संच्या हातातली सुई थांबायची आणि फोन वाजून वाजून गप्प व्हायचा. मी दुपारी मोकळी असायची. म्हटलं, "वन्सं, आपण फोनवरून लाइव्ह करू. लोकांना काम दिसू दे. बोलेन मी. तुमचे फक्त हात दाखवू."

त्यांनी बराच विचार केला. "फ... फक्त हात," म्हणाल्या.

फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून मी सुरू केलं. बघायला माझी बहीण, शेजारच्या काकू आणि पाचसहा अनोळखी माणसं. वन्संचे हात बाही उसवत होते आणि मी आपली पोपटासारखी बोलत होते. इतक्यात कुणीतरी लिहून विचारलं, "सासूबाईंचा डावा हात चालत नाही. शर्ट घालताना आधी कुठला हात घालायचा?"

"चांगला हात आधी!" मी ठोकून दिलं.

"ना... नाही," वन्सं म्हणाल्या. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पुढे बोलत सुटले. तेव्हा वन्संनी हातातली बाही खाली ठेवली, पुढे होऊन फोन उचलला आणि स्वतःच्या चेहऱ्यासमोर धरला.

"दु... दु..." शब्द अडला. त्यांच्या मानेची शीर ताठ झाली. डोळे मिटले. माझ्या जिभेच्या टोकाशी शब्द आला होता. मी तोंड उघडलं, तसा त्यांनी मोकळा हात माझ्यापुढे आडवा धरला. थांब!

खाली काकूंनी लिहिलं, "व्हिडिओ अडकलाय. नेट बघा गं तुमचं."

वन्संनी डोळे उघडले, ते वाचलं आणि खुदकन हसल्या. "ने... नेट नाही, काकू. मीच अ... अडकते."

मग म्हणाल्या, "दुखरा हात आधी. का... काढताना शेवटी."

एवढंच. दोन लहानशी वाक्यं. पण आमच्या घरानं ज्या गोष्टीवर आयुष्यभर पांघरूण घातलं होतं, ती त्यांनी परक्या माणसांसमोर, भर उजेडात, हसत सांगून टाकली होती. फोन ठेवल्यावर त्या घटाघटा पाणी प्यायल्या आणि मला म्हणाल्या, "उ... उद्या परत?"

मी म्हटलं, "उद्या मी फक्त फोन धरणार."

असं ते सुरू झालं. सगळं गोडगोड नव्हतं. एकानं त्यांच्या बोलण्याची नक्कल लिहून पाठवली, तेव्हा चार दिवस त्या लाइव्ह आल्या नाहीत. मीही विषय काढला नाही. पाचव्या दिवशी त्यांनीच केस नीट केले आणि खिडकीपाशी येऊन बसल्या. हळूहळू लोक वाढले. माणसं त्यांना आपली दुखणी सांगायला लागली. वन्संना उत्तर द्यायला वेळ लागे, म्हणूनच की काय, विचारणारेही घाई करत नसत.

एका लाइव्हमध्ये एक वयस्कर जोडपं पडद्यावर आलं. नवरा निवृत्त शिक्षक. झटक्यानं त्यांचा उजवा हात गेला होता आणि बोलणंही. सगळं समजत होतं, शब्द तेवढे सापडत नव्हते. बायको भराभर सांगत होती, "यांना ढगळ शर्ट लागतात. बटणं नकोत. रंग फिका. खिसा नको, लागतो कशाला?"

गुरुजी काहीतरी म्हणायला गेले. "ह... ह..."

"हलका रंग, हो. तेच सांगतेय मी."

"थांबा," वन्सं म्हणाल्या. "त्यां... त्यांना बोलू द्या."

बाई गप्प झाल्या. गुरुजी वन्संकडे बघत राहिले, वन्सं गुरुजींकडे. मी फोन धरून उभी, हाताला रग लागलेली. बघणारे शंभराच्या वर असतील, पण कुणी एक अक्षर लिहिलं नाही. वन्संच्या चेहऱ्यावर ना कीव, ना उतावळेपणा. आपल्याला माहीत असलेल्या वाटेवरून कुणी येत असावं आणि आपण दारात उभं राहावं, तशा त्या बसल्या होत्या.

"ख... खिसा," गुरुजी म्हणाले. मग डाव्या हातानं छातीच्या उजव्या बाजूला थोपटलं. "ह... हवा. इ... इथे."

शर्टाचा खिसा नेहमी डाव्या बाजूला, आणि त्यांचा चालता हात डावाच. तो त्या खिशात वळणार कसा? शिक्षक माणूस, त्यांना पेन स्वतःच्या हातानं ठेवायचं होतं, काढायचं होतं. इतक्या महिन्यांत ते कुणी ऐकलंच नव्हतं. त्यांच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. "अहो, मला वाटलं मी तुम्हाला मदत करतेय," एवढंच म्हणाल्या.

"क... करताच की," वन्सं म्हणाल्या. "फ... फक्त जरा सावकाश."

शर्ट पोचला तेव्हा गुरुजी परत पडद्यावर आले आणि सगळ्यांसमोर तो स्वतः घातला. मध्येच बाही पाठीमागे अडकली. बायकोचे हात आपसूक पुढे झाले आणि तिनं ते स्वतःच्याच मांडीखाली दाबून धरले. शेवटी पट्टी चिकटली, कॉलर सरळ झाली, पेन खिशात गेलं. मी वन्संकडे पाहिलं. त्या ओठ घट्ट मिटून रडत होत्या आणि अश्रू पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

आता कामाला त्यांनी दोन बायका हाताशी घेतल्या आहेत. वन्सं अजून अडखळतात, 'फ'वर सगळ्यात जास्त. मी रोज दुपारी फोन धरते. वर्षानुवर्षं एका ताटात जेवलेली ही बाई, पण पडदा उजळला की मला ती नव्यानं दिसते. परवा कुणीतरी विचारलं, "ताई, तुम्ही इतक्या न घाबरता कशा बोलता?"

"घा... घाबरते ना," वन्सं म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवू लागल्या.