लुगड्याची जुडी

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली आणि हातात खुरपं आलं. लेकीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, त्यावर लिहिते आहे. कोणी वाचलंच तर चुका पोटात घाला आणि माणूस तेवढं पाहा.

अकोल्याच्या काकू आमच्या ओट्यावर गाठोडं ठेवायच्या आणि त्याच्या गाठीवर तळहात दाबून बसायच्या. गल्लीतल्या बायका भोवती जमायच्या. कोणी गाठ सोडायला हात पुढं केला की काकू त्या हातावर चापट मारायच्या.

"थांब वं. आधी सांग, घरात तेल हाय? पोराची फी भरली?"

उत्तर मनासारखं आलं तरच गाठ सुटायची.

साड्या विकायला आलेली बाई गिऱ्हाइकाला असं विचारते, हे तुम्ही कुठं पाहिलं आहे का? दुकानात तर "नुसत्या पाहा ताई, घेऊ नका" म्हणत समोर ढीग उलगडतात आणि आपण दोन घेऊन बाहेर पडतो. काकूंचं सगळं उलटं. त्या साड्या दाखवायच्या कमी आणि बांधून ठेवायच्या जास्त.

त्यांना जाऊन आता दुसरं वर्ष चालू आहे. अजूनही महिन्याच्या सुरुवातीला सकाळी कोणी ओट्याशी थांबलं की मी हातातली भाजी ठेवून बाहेर येते.

महिन्यातून एकदा त्या पहाटेच्या एसटीने अकोल्याहून अमरावतीला यायच्या. ऑटोवाल्याने जास्त मागितले तर त्याच्याशी भांडायच्या आणि शेवटी गाठोडं डोक्यावर घेऊन चालत यायच्या. नवरा तरुणपणीच गेलेला. एकुलता मुलगा त्यांनी या गाठोड्यावरच मोठा केला. साड्या हप्त्याने द्यायच्या. दर महिन्याला जमेल तेवढे पैसे, व्याज नाही, वरचा एक रुपया नाही. पण कोणाला किती झेपेल, हे त्या ठरवायच्या.

आमच्या समोरच्या घरातल्या सुनेच्या नवऱ्याला पक्की नोकरी. एकदा तिने तीन साड्या बाजूला काढल्या.

"लग्न कोणाचं हाय?" काकूंनी विचारलं.

"मावसदिराचं. एक हळदीले, एक लग्नाले, एक रिसेप्शनले."

"मंग नवरी तू हायेस काय?"

बायका खळखळून हसल्या. काकूंनी तिच्यापुढं एक साडी ठेवली आणि दोन परत घडीत घातल्या. ती चिडली. "काकू, पैसे माहे आहेत. तुमाले काय करा लागते?"

"पैसे तुह्ये, पण हप्ता मागाले मले या लागते. उद्या तुले जमलं नाही तं तू आतून कडी लावून बसशीन, अन् मी बाहेरून दार वाजवत राहीन. माह्या हाताले ते सवय नको लावू, माय."

ती त्या महिन्यात काकूंशी बोलली नाही. पुढच्या महिन्यात चहा घेऊन तीच आधी आली.

मी या गर्दीत कधी बोलत नसे. माझ्याच ओट्यावर सगळं चालायचं आणि मीच दाराआड उभी. मला चार माणसांत शब्द सापडत नाहीत. काकूंच्या ते लक्षात आलं होतं. एकदा बायका पांगल्यावर म्हणाल्या, "तू काहून बोलत नाही वं? तोंडात सुपारी धरून बसली काय?"

मला हसू आलं. त्या दिवशी मी त्यांना एक गोष्ट विचारली. माझ्या अंगावरच्या साडीचा काठ उसवला होता, लेकरांना कपडे हवे होते, आणि आपण कपड्यावर खर्च करावा तरी किती, हे मला कधी कळलंच नव्हतं. आमचा गावाबाहेर छोटा मळा आहे. पालक, मेथी, सांबार निघतो. सांबार म्हणजे कोथिंबीर, आमच्याकडे तिला तेच नाव. सकाळी बाजारात मी बसते. पैसा रोज येतो आणि रोज जातो. कधी हातात खूप वाटतो, तेव्हा उगाच काहीतरी घेतलं जातं. कधी लेकराच्या गणवेशालाही नसतो.

काकू म्हणाल्या, "तुले महिन्याचा पगार नाही, मंग महिन्याचा हिशोब तुह्या काय कामाचा? तू जुडीवर जगते, तं जुडीतच मोज. रोजची एक सांबाराची जुडी लुगड्याची. ते जेवढ्याले जाईन तेवढा पैसा कपड्याचा. दोन आले तं दोन, तीस आले तं तीस. कोणीच नाही घेतली तं घरी आण, भाजीत टाक, अन् त्या दिवशी कपड्याचं नाव काढू नको."

दुसऱ्या दिवसापासून मी तसंच केलं. चांगली भरगच्च जुडी निवडून तिला लाल चिंधी बांधायची आणि टोपल्याच्या कडेला ठेवायची. बाकीच्या जुड्यांत मी भाव कमी करायची, या जुडीत नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "बाई, हिला काय सोनं लागलं?" मी जुडी परत कडेला ठेवायची. आमचे हे हसायचे. "सांबार विकून राहिली का लुगडं?"

उन्हाळ्यात सांबार महागतो, थंडीत मातीमोल होतो. त्यामुळे पहिल्या वर्षी माझ्या लेकरांना दिवाळीला नाही, शाळा सुरू होताना नवे कपडे मिळाले. दिवाळीला लेक रुसून बसली, तेव्हा मी काकूंकडे गाऱ्हाणं केलं. त्या म्हणाल्या, "मंग उन्हाळ्यातलं दिवाळीपर्यंत लपवून ठेव ना. तुह्या जागी मी लपवू काय?" तेही शिकले. त्यानंतर आमच्या घरात कपड्यावरून भांडण झालं नाही. कपड्यासाठी कोणापुढं हात पसरला नाही.

काकूंच्या स्वतःच्या मात्र दोनच साड्या. एक राखी, एक तपकिरी. मी एकदा धीर करून विचारलं, गाठोड्यातली एखादी नेसत का नाही? तर म्हणाल्या, "गाठोडंवालीनं भारी नेसलं का बायकाइले वाटते, आपल्याच पैशाचं नेसून राहिली."

मग लेकीचं लग्न ठरलं. दर्यापूरचं स्थळ. मानपानाच्या साड्या आल्या. विहीण, विहिणीची सासू, जावा, नणंदा, मामीसासू. काकू दुपारभर बसल्या आणि एकेक काढून दिली. "विहिणीले भारी दे, तिचं तोंड लग्नभर दिसते. आजीसासूले सुती दे, ते नेसीन. मामीसासू नेसणार नाही, पुढच्या लग्नात कोणाच्या तरी ओटीत घालीन. तिले उजळ रंग दे, हलका पोत. फिरणारं लुगडं हाय ते."

माझी कितीतरी वर्षांची जुडी त्या दुपारी संपली. काकूंनी गाठ बांधली आणि विचारलं, "अन् तुले?"

मी म्हटलं, बहिणीने तिच्या मुलाच्या लग्नातली साडी द्यायचं कबूल केलं आहे. एकदाच नेसलेली आहे.

काकूंनी बांधलेली गाठ परत सोडली. अगदी तळातून एक साडी काढली. गर्द हिरवी, वांगी रंगाचा रुंद काठ. किंमत ऐकून मी ती परत त्यांच्याकडे सरकवली. बत्तीसशे रुपये.

"काकू, हे जुडीत बसत नाही."

"मले माहीत नाही काय?"

"मंग?"

"मंग काय? पोरीची माय मांडवात दुसऱ्याच्या उतरलेल्या लुगड्यात उभी राहीन काय? मले अकोल्यात झोप लागणार नाही. घे. अन् तोंड बंद ठेवजो. समोरचीनं आयकलं तं उद्या सगळ्या माह्या डोक्यावर बसतीन."

सगळ्यांना आवरणाऱ्या बाईने तेवढ्या एका वेळेला स्वतःचा नियम मोडला. तोही माझ्यासाठी.

मी लग्नाची पत्रिका त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती कपाळाला लावली, पण यायला नाही म्हणाल्या. "मी गिऱ्हाइकाच्या लग्नात जात नाही, पोरी. मी दिसली का बायका पदर लपवतात. यीले वाटते, हे भाव सांगीन. तीले वाटते, हे हप्ता मागीन. त्याइच्या मजेत माहं तोंड कायले?"

तुम्हीच विचार करा. इतक्या लग्नांत यांच्या साड्या मिरवल्या आणि यांनी एकही मिरवताना पाहिली नाही. मी मांडवात ती हिरवी साडी नेसून उभी राहिले, तेव्हा मला एवढंच वाटत होतं की काकूंनी एकदा पाहावं.

फेड सुरू झाली. रोजची जुडी, महिन्याची पुरचुंडी. त्या वर्षी सांबाराने दगा दिला. जिकडंतिकडं सांबारच सांबार. लाल चिंधीची जुडी दोन रुपयांना जायची, पुष्कळदा जायचीच नाही. काकू मी दिलेले पैसे न मोजता कमरेच्या पिशवीत टाकायच्या. एकदाही "एवढेच?" म्हणाल्या नाहीत. एकदा मात्र विचारलं, "नेसते काय वं ते?"

"नेसते," मी म्हटलं.

पण त्यांच्यासमोर मी ती कधी नेसले नाही. ज्याचे पैसे द्यायचे आहेत त्याची साडी त्याच्याच डोळ्यांपुढं मिरवायची नाही, हे मी माझ्या आईकडे पाहिलेलं. मी मनात ठरवून ठेवलं होतं. शेवटचा रुपया ज्या दिवशी देईन, त्या दिवशी सकाळी ती साडी नेसीन, काकूंपुढं चहा ठेवीन आणि काही बोलणार नाही. त्या आपोआप पाहतील. महिन्यामागून महिने त्या आल्या, मी जुन्या साडीत चहा दिला, आणि ट्रंकेतली साडी ट्रंकेत राहिली. पाच पावलांवर होती. तेवढा एक कपडा बदलून यायला मला काय झालं होतं? सगळे पैसे फिटायची वाट कशाला पाहिली?

एका महिन्यात काकू आल्या नाहीत. पुढच्याही नाही. समोरच्या सुनेने फोन लावला, तर त्यांच्या सुनेने उचलला. एसटीच्या पायरीवरून पाय निसटला होता, कंबरेचं हाड मोडलं होतं.

तेवढ्यात उन्हाळा लागला आणि सांबाराचा भाव चढला. जे वर्षभर जमलं नाही ते थोड्या दिवसांत जमलं. उरलेले पैसे पूर्ण झाले. आमचे हे म्हणाले, "मोबाईलवर टाकून देऊ." मी म्हटलं, नाही, मी जाते. लग्न झाल्यापासून मी एकटी एसटीत बसलेली नव्हते.

भर वैशाखात ती जड साडी नेसून मी अकोल्याला गेले. पदर घामाने मानेला चिकटला होता. उतरल्यावर तीन जणांना पत्ता विचारावा लागला आणि प्रत्येक वेळी माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. शेवटी एका अरुंद गल्लीत घर सापडलं.

दाराजवळच्या बाजेवर काकू निजल्या होत्या. अंगात फुलाफुलांचा गाऊन. मला एकदम ओळखू आल्या नाहीत. त्यांची सून हळू आवाजात म्हणाली, "लुगडं नेसवता येत नाही मावशी. कंबरेले हात लावू देत नाहीत." मग माझ्या हातातली पुरचुंडी पाहून म्हणाली, "मोबाईलवर टाकले असते तरी चाललं असतं. एवढ्या उन्हात कायले आल्या?"

मी बाजेजवळ उभी राहिले. अंगावरची साडी नीट दिसावी म्हणून पदर थोडा पुढं घेतला. काकूंनी डोळे उघडले. ओळख पटायला वेळ लागला. मग त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं,

"अवो, कोणाच्या लग्नाले चालली?"

तुमाले दाखवाले नेसून आली, काकू. एवढंच म्हणायचं होतं. वाटेत बडनेऱ्यापासून मी तेच घोकत आले होते. पण त्यांची सून उभी होती, आतून त्यांचा मुलगा पाहत होता, आणि माझ्या तोंडून निघालं, "हे... इथंच. एका घरी."

"मंग बसू नको. उशिरा गेलेल्या बाईले कोणी पाहत नाही. सगळे जेवाले बसते."

तरी मी बसले. सुनेने चहा आणला. मी पैसे त्यांच्या हातात दिले. मुलगा मोजायला पुढं आला, तर त्यांनी मनगटाने त्याला बाजूला सारलं. या वेळी त्यांनी एकेक नोट मोजली. पडल्यापडल्या, छातीवर ठेवून, ओठ हलवत. मध्ये दोनदा चुकल्या, दोनदा पहिल्यापासून सुरू केलं. मी साडीचा काठ गुडघ्यावर सरळ करत बसले होते. त्यांनी परत तिकडं पाहिलं नाही.

मोजून झाल्यावर त्यांनी नोटा उशीखाली सारल्या.

"पूर्ण आले," त्या म्हणाल्या. "आता तुह्यावर माहं काहीच नाही. जाय."