आई माझी सिरियल बघत नाही

सिरियलमध्ये मी फार मेले. अपघातात मेले, बाळंतपणात मेले, एकदा जावेनं दुधात काहीतरी कालवून दिलं तेव्हाही मेले. पेणच्या हौशी नाटकांतून मुंबईला गेले तेव्हा वाटलं होतं, नायिका होईन. झाले काय, तर नायकाची आधीची बायको! पहिल्या आठवड्यात खलास, आणि पुढं वर्षभर भिंतीवर हार घालून हसत बसायचं.

आई तेव्हा पेणजवळ खाडीकाठच्या आमच्या गावात राहायची, मिठागरावर कामाला जायची. माझी पहिली सिरियल लागली तेव्हा तिनं अर्धी आळी घरात गोळा केली, सगळ्यांना चहा केला. आणि टीव्हीवर माझी तिरडी निघाली! आईनं टीव्ही बंद केला आणि मला फोन लावला, "तुला दुसरा काय काम नाय मिलत गो? मना नाय बघवत." पुढच्या खेपेला घरी गेले तर उंबऱ्यातच माझ्यावरून मीठमोहरी ओवाळली. भाऊ दात काढत म्हणाला, "अगो आये, जित्या मानसाला मेला म्हटला की आयुष्य वाढता." "तू गप रे मेल्या!" आई खेकसली. तेव्हापासून तिनं माझं एकही काम बघितलं नाही.

पुढं मी नणंद झाले, वकील झाले, एकदा तर सासूही झाले. फोनवर सांगायचे, "आई, या वेळी मरत नाही मी." ती विचारायची, "नक्की?" आता नक्की कसं सांगणार! चॅनेलवाल्यांच्या मनात आलं की कुणालाही ट्रकखाली घालतात. बाजारात बायका माझा हात धरून विचारपूस करायच्या, फोटो काढायच्या. मला बरं वाटायचं, नाही कशाला म्हणू? पण आख्ख्या महाराष्ट्रानं बघितलं तरी मला एकाच बाईनं बघायला हवं होतं, आणि ती बघत नव्हती. त्याचं रडू यायचं.

मग मीच सिनेमा करायला घेतला. दिग्दर्शनाकडे कशा वळलात, असं विचारलं की मी मोठमोठं काहीतरी बोलते. खरं इतकंच, की ज्यात मी शेवटपर्यंत जिवंत राहीन असं काहीतरी मला आईला दाखवायचं होतं.

गोष्ट मिठागरावरच्या मायलेकींची. लेक मी, आणि आई झाली मुंबईची एक जुनीजाणती नटी. शूटिंग आमच्याच गावात केलं. आई तोवर गुडघ्यांनी अधू झाली होती आणि रोह्याला माझ्या भावाकडे राहायला गेली होती. तो तिथं कंपनीत आहे. पेणहून रोहा काही लांब नाही, पण शूटिंग सोडून जाणार कधी? रोज फोनवर "येते गं, येते" चालायचं.

सिनेमा झाला. रोह्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये आम्ही तो दाखवला. आई नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली. मी भिंतीला टेकून पडद्याकडं न बघता तिच्याकडंच बघत राहिले. माझी आई मला बघत होती! सिनेमात एक लांबलचक प्रसंग आहे. संध्याकाळी ओट्यावर बसून लेक आईच्या डोक्याला तेल चोळते, काही बोलत नाही, आणि आईला डुलकी लागते. मी तो फार जिवापाड केला होता. नटीबाईंचे केस धुवून धुवून पुन्हा घेतला होता. तो आला तशी आई खुर्चीत पुढं सरकली.

संपल्यावर लोकांनी मला घेरलं. त्यांच्यातून वाट काढून आईजवळ गेले. "कसा वाटला?"

"बरा हाय. मेली नायस, तेच बरा." मग म्हणाली, "ती बाय कोन?"

"नटी आहे गं. मुंबईची."

"किती निवांत त्याल लावलंस तिला." आईनं पदर सारखा केला. "माज्या डोक्याला कवा लावलंस गो?"

रागानं नाही म्हणाली. नुसतं विचारलं. तेवढ्यात ड्रायव्हर बोलवायला आला, सकाळी मुंबईत शूटिंग होतं. आईच म्हणाली, "जा. वडखळला गाड्या तुंबतात, उशीर व्हईल."

राहते, असं ओठांवर आलं होतं. पण निघाले.

वडखळला गाड्या तुंबल्याच होत्या. फोनवर अभिनंदनाचे मेसेज येत होते, पुढचा ट्रक जागचा हलत नव्हता. तेवढ्या वेळात एका बाईचं डोकं अगदी निवांत चोळून झालं असतं.