त्याच्या पाठीचा साचा

माझा राग लवकर जात नाही, हे आधीच सांगून ठेवते. नवऱ्याचा जातो. त्याच्या जागी मी असते तर त्या दिवशी ट्रॅकवर हातातला पाना फेकून मारला असता. पण तो तसला माणूस नाही, आणि म्हणूनच हे सगळं त्याच्या वाट्याला आलं.

गॅरेजात त्याला सगळे ‘शिडी’ म्हणायचे. उंचच तेवढा आहे. लग्न ठरलं तेव्हा माझ्या मावशीने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, “अगं, याच्याशी बोलायचं तर रोज स्टुलावर चढणार का तू?” घरातला दिवा बदलायला आम्हाला कधी स्टूल लागलं नाही, एवढाच काय तो या उंचीचा फायदा. बाकी सगळा तोटाच. पलंगाबाहेर पाय, परक्या दाराच्या चौकटीवर कपाळ, आणि गाडीत बसला की डोकं थेट छताला.

अशा माणसाने आयुष्यभर काम काय करावं? तर स्पोर्ट्स कारमध्ये रेसिंगच्या सीट बसवायचं! हौशी लोक सुट्टीच्या दिवशी आपली गाडी घेऊन ट्रॅकवर जातात आणि मनसोक्त पळवतात. पण त्या गाड्या असतात मध्यम चणीच्या माणसांसाठी. उंच माणूस आत बसला, वर हेल्मेट घातलं, की डोकं छताला टेकलंच. मग तो मान वाकडी करून चालवतो, आणि तशा मानेने कुठे आदळला तर काय होईल ते सांगायला नको. ही उंच मंडळी माझ्या नवऱ्याकडे यायची. तो मूळची सीट काढायचा, तिच्याखालची पुढेमागे सरकायची रेल काढायचा, आणि एका अखंड कवचाची रेसिंग सीट दोन बाजूंच्या लोखंडी पट्ट्यांवर, अगदी तळाला भिडवून, बोल्टने आवळायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण सीट खाली गेली की स्टिअरिंग छातीवर येतं, सीटबेल्टचे खांद्यावरचे पट्टे भलतीकडेच जातात. एक गोष्ट हलवली की चार हलतात.

त्याची एक रीत होती. तो गिऱ्हाइकाला उंची विचारायचाच नाही. ते आपणहून सांगायला लागलं तरी म्हणायचा, “ती राहू द्या. बसून दाखवा.” गॅरेजच्या मागच्या भिंतीला लागून एक लाकडी खोकं होतं. त्यावर पाठ टेकून बसायचं आणि हा डोक्याशी पेन्सिलीने रेघ मारायचा. कुणाची उंची पायांत असते, कुणाची धडात. उभी असताना सारखी दिसणारी दोन माणसं बसली की चांगली चार बोटं वरखाली होतात. हे ऐकून ऐकून मलाही पाठ झालं होतं. भिंतीवरची सगळ्यात वरची रेघ त्याचीच होती, कारण त्याची सगळी उंची धडात.

गॅरेज भावजींचं. भावजी म्हणजे नवऱ्याचा शाळेपासूनचा मित्र. गॅरेज उघडलं तेव्हा शटर दोघांनी मिळून रंगवलं होतं. आमची लेक तापाने फणफणली होती तेव्हा हाच माणूस गाडी घेऊन दारात उभा राहिला होता. खोटं कशाला बोलू, केलंय त्यांनीही आमच्यासाठी. म्हणून तर मी त्यांना भावजी म्हणायचे. आता काय म्हणते ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

आणि माझ्या नवऱ्याची एकच हौस होती. ट्रॅकवर एकदा स्वतः गाडी चालवायची. इतक्या जणांना बसवलं, पण हा स्वतः कधी उतरला नव्हता, कारण हा मावेल अशी गाडीच नव्हती. दुसऱ्याच्या मापाच्या सीटमध्ये हा कसा बसणार? तो आपला जाळीबाहेर उभा राहायचा. गाडी वळणावरून गेली की याचंही अंग त्या बाजूला कलायचं. मी हसले की म्हणायचा, “हस तू. मला एकदा आत बसून बघायचंय, मी केलेलं काम चालतं कसं ते.”

एके दिवशी भावजी घरी आले. चहा घेतला, दुसरा कपही मागून घेतला, आणि म्हणाले, “वहिनी, यंदा शिडीला ट्रॅकवर उतरवतो. माझी ती जुनी स्पोर्ट्स कार नुसती पडून आहे, ती तयार करू. पहिल्या दिवशी पहिल्या फेऱ्या याच्या. ए शिडी, सीट तुझ्या मापाची कर हं. अगदी स्वतःसाठी करतोयस अशी कर.”

नवरा उठला, आत गेला, आणि चौकटीवर डोकं आपटून घेतलं. इतक्या वर्षांत त्या चौकटीला वाकायचं तो कधी विसरला नव्हता.

मग काय विचारता! माणूस हुरळून गेला नुसता. इतरांच्या सीटचं काम एरवी आठवडाभरात व्हायचं, हे संपता संपेना. पट्ट्या तीनदा कापल्या. तयार ब्रॅकेट बोटभर उंच पडत होती, म्हणून नवी वेल्ड करून घेतली. जेवताना ताटात बोटाने आकृती काढायचा. मी म्हटलं, “अरे, जेव आधी, सीट कुठे पळून जात नाही.” कव्हर शिवायचं काम माझं. गॅरेजातली कव्हरं मी घरच्याच मशीनवर शिवायचे. पण या कव्हरासाठी मीही जीव ओतला, एक टाका वाकडा जाऊ दिला नाही. नवऱ्याचं स्वतःचं असं पहिल्यांदाच काहीतरी होत होतं.

सुट्टीच्या दिवशी पाठीचा साचा घेतला तेव्हा मी तिथेच होते. सीटमध्ये जाड प्लास्टिकची पिशवी ठेवतात, दोन द्रावणं कालवून तिच्यात ओततात, आणि माणसाने वर बसायचं. आत फोम फुगतो, गरम होतो, पाठीच्या प्रत्येक खळग्यात शिरतो आणि तिथेच घट्ट होतो. तोवर हलायचं नाही. हा बसला होता हेल्मेट घालून, दोन्ही हात स्टिअरिंगवर, श्वासही जपून घेत. “छत आणि हेल्मेटच्या मध्ये मूठ जाते का बघ,” मला म्हणाला. मी हात घातला तर म्हणे, “तुझी नको, तुझी चिमणीएवढी. माझी बघतो.” त्याची मूठही गेली. हेल्मेटच्या आतून तो हसला ते डोळ्यांवरून कळलं.

भावजी फोटो काढत होते. समोरून, बाजूने, पाठीमागून. मला वाटलं, मित्राची आठवण म्हणून काढतायत. किती बावळट मी!

ट्रॅकच्या दिवशी सकाळी आम्ही तिघं आमच्या जुन्या व्हॅनने गेलो. लेकीने पहिल्या पगारातून बाबांसाठी हातमोजे आणले होते. एवढ्या मोठ्या पंजाचे मिळवायला बिचारीने चार दुकानं पालथी घातली होती. त्याने ते घरापासूनच घातले. व्हॅन चालवतानाही काढले नाहीत. आम्ही दोघी मागे बसून खुसखुसत होतो.

गाड्यांच्या रांगेत आमची गाडी उभी होती. शेजारी भावजी, आणि त्यांच्याबरोबर एक उंच गृहस्थ, नवा कोरा रेसिंगचा सूट घातलेले. उंची नवऱ्याच्या बरोबरीची. भावजी पुढे आले आणि म्हणाले, “शिडी, हे डॉक्टर. दातांचे. गाडीचे नवे मालक.”

नवरा हसला. त्याला थट्टा वाटली. भावजींची सवयच होती तशी. मग हसणं जागच्या जागी थांबलं, कारण डॉक्टर गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत होते.

“अचानक जमलं रे,” भावजी म्हणाले. “तुला सांगणारच होतो.”

डॉक्टर बिचारे भले गृहस्थ. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. नवऱ्याचा हात हातात घेऊन म्हणाले, “तुमचे फार उपकार झाले. मला दवाखान्यातून यायला जमत नव्हतं. हे म्हणाले, तुमच्याच उंचीचा माणूस आहे माझ्याकडे, त्याच्यावरून साचा घेतो, तुम्ही येऊच नका. काम सुरू व्हायच्या आधीच आमचं ठरलं होतं. फोटोही पाठवत होते.”

काम सुरू व्हायच्या आधीच! म्हणजे आमच्या घरी बसून, माझ्या हातचा चहा पिताना, या माणसाला सगळं माहीत होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. केसाने गळा कापला आमचा. मी म्हटलं, “भावजी, तुम्हाला लाज कशी वाटली नाही?” ते म्हणाले, “वहिनी, लोकांसमोर नको.” लोकांची लाज वाटत होती, आमची नाही.

नवऱ्याने हातमोजे काढले, एकात एक घातले आणि लेकीकडे दिले. तिने ते घेतले, पण धरायचे कसे तेच तिला कळेना. मी त्याला म्हटलं, “चल इथून.” तो निघालाही होता.

तेवढ्यात डॉक्टर सीटमध्ये बसले. आणि बसताच सगळं फसलं. त्यांची उंची पायांत! गुडघे स्टिअरिंगला अडकले, डोळे कसेबसे काचेपर्यंत पोचत होते, आणि खांद्यावरचे पट्टे खांद्याच्या चांगले वरून येऊन दोन्ही बाजूंना घसरत होते. इतकी वर्षं ‘उंची राहू द्या, बसून दाखवा’ ऐकलेल्या भावजींनी मित्राला फसवण्याच्या नादात फोनवर उंची विचारली होती आणि सीट बनवून घेतली होती.

“शिडी,” भावजी म्हणाले, “जरा बघ ना.”

“हात लावू नकोस,” मी म्हटलं. “निस्तरू दे त्यांचं त्यांना.”

“पट्टे खांद्यावर बसत नाहीयेत,” नवरा मला म्हणाला. “हा माणूस असाच निघाला, आणि धडकला, तर जाईल. सीट मी बसवलीय.” मग हळू आवाजात म्हणाला, “कव्हर उसव.”

उसवलं. काय करणार? माझे टाके मीच कापले, आणि प्रत्येक टाक्याला भावजींचा उद्धार केला, तोही त्यांना ऐकू जाईल असा. नवऱ्याने बोल्ट काढले, सीट पट्ट्यांच्या वरच्या भोकांत घेतली, मागे सरकवली. मग फोम काढला, मांडीवर घेतला आणि लांब पात्याची सुरी घेऊन कापायला बसला. खांद्याचा खळगा होता तो तासून टाकला. कमरेशी बाक होता तो खाली घेतला. माझ्या नवऱ्याची पाठ मला अंधारातही ओळखू येईल. ती तिथे पांढऱ्या फोममध्ये जशीच्या तशी उमटली होती, आणि तो स्वतःच्या हाताने ती कापत होता. त्याचे तुकडे गवतावर पडत होते. लेकीला बघवेना, ती व्हॅनमागे जाऊन उभी राहिली.

डॉक्टर पुन्हा बसले. या वेळी पट्टे खांद्यावर बसले. ते गेले, फेऱ्या मारून आले, खूश होते. त्यांना एव्हाना काहीतरी उमगलं असावं. उतरल्यावर नवऱ्याकडे न बघता भावजींना म्हणाले, “यांना चालवायची असेल तर चालवू द्या, माझी हरकत नाही.”

भावजींना तर हायसंच वाटलं. “बघ! म्हटलं होतं ना, तुला चालवायला देणार? जा, मार दोन फेऱ्या. मिटलं ना आता?”

मला वाटलं, हा नाही म्हणेल. पण हौस फार वाईट. त्याने हेल्मेट घातलं आणि आत शिरला. म्हणजे शिरायला गेला. सीट वर आली होती. हेल्मेट छताला लागलं. त्याने मान एका बाजूला केली, मग दुसऱ्या बाजूला. पाठ टेकायला बघितली तर कापलेला फोम भलत्याच जागी टोचत होता. पुन्हा खाली घ्यायची तर अख्खी सीट उतरवावी लागली असती, आणि कापलेली पाठ काही परत चिकटली नसती. तो तसाच मान वाकडी करून थोडा वेळ बसून राहिला. मग बाहेर आला, हेल्मेट काढलं आणि भावजींच्या समोर जाऊन उभा राहिला.

“मला नुसतं सांगितलं असतंस,” तो म्हणाला. “एका गिऱ्हाइकासाठी साचा हवाय, बस जरा. तर मी बसलो नसतो का रे? तुझ्यासाठी कधी नाही म्हटलंय मी? खोटं कशाला बोललास?”

भावजींनी त्याच्या दंडावर हात ठेवला. खरंच समजावत असल्यासारखे म्हणाले, “बसला असतास रे. पण मग असं काम केलं नसतंस.”

आणि हे त्यांनी कौतुकाने म्हटलं! माझ्या नवऱ्याच्या मनात काय आहे हे या माणसाला माझ्याइतकंच ठाऊक होतं. त्याला काय दाखवलं की तो जीव तोडून राबेल, याचाही अंदाज भावजींनी आधीच घेऊन ठेवला होता. शाळेपासूनच्या मैत्रीत एवढंच बघून ठेवलं होतं.

नवऱ्याने दंडावरचा हात बाजूला केला. “उद्यापासून मी येणार नाही,” म्हणाला. भावजी हसले, त्यांना ते खरं वाटलं नाही.

येताना व्हॅन मी चालवली. त्याला समोरचा रस्ता दिसत नव्हता.