‘नंतर’चं बटण

माझ्या थोरल्या वन्सं मुलांच्या दवाखान्यात नर्स आहेत. जीभ धारदार, हात मऊ. सुई टोचून झाल्यावर पोरं विचारतात, "टोचणार कधी?" टेबलावर कॉम्प्युटर आला तेव्हा म्हणाल्या होत्या, "नवऱ्यापेक्षा बरा गं, विचारलं तेवढंच सांगतो." हल्ली मात्र तो न विचारताही सांगतो. एखाद्या मुलाचे रिपोर्ट चालू संशोधनात बसणारे निघाले, की पडद्यावर पिवळी चौकट उगवते: पालकांना विचारा. मग वन्सं त्या आईला शेजारी बसवून सगळं समजावतात.

आज माझी चिमणी उठली ती डोळे सुजवूनच. देवाचं नाव घेतलं आणि तिला वन्संकडे नेलं. लघवी तपासायला दिली. "रात्री कुणाशी भांडून रडलीस गं, बेडके?" असं आत्या-भाचीचं चाललं होतं, तेवढ्यात पडदा पिवळा झाला. वन्संचं पुढचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. घाईघाईनं त्यांनी काहीतरी दाबलं.

"काय झालं, वन्सं?"

"काही नाही. मशीन उगाच किरकिर करतंय. रक्त द्यायला ने हिला, तोवर डॉक्टर येतील."

रक्त घेणारी मुलगी नवखी होती. आपला पडदा पाहून ती माझ्याकडे बघून गोड हसली. "ताई, किडनीच्या संशोधनात हिचं नाव घालायचं ना?"

"कुणाच्या किडनीच्या?"

तिचं हसू मावळलं.

मी चिमणीला घेऊन तशीच परतले. माझा चेहरा बघूनच वन्सं समजल्या. "मी ‘नंतर’ दाबलं गं. म्हटलं, आधी डॉक्टरांच्या तोंडून कळू दे तुला. ते मेलं पुढच्या टेबलावर जाऊन उगवलं!"

डॉक्टरीणबाई आल्या. लघवीतून प्रथिनं जातायत, सूज त्यानंच आलीय, आणखी तपासण्या करू, म्हणाल्या. संशोधनाला नाही म्हटलंत तरी उपचारात काही कमी होणार नाही, असंही म्हणाल्या. त्या गेल्यावर मी विचारलं, "वन्सं, तुमची मुलगी असती तर?"

"प्रत्येक आईला सांगते, माझी असती तर मी हो म्हटलं असतं." त्यांनी चिमणीकडे पाहिलं. "आज ते तोंडातून निघत नाही बघ."

निघताना चिमणी कुरकुरली, "आत्या, बूट जातच नाहीये पायात."

वन्सं खाली बसल्या. तिच्या पावलावर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. तो भरून यावा म्हणून मी मनातल्या मनात नाम घेत उभी होते. वन्सं मान वर करीनात.