ताऱ्यांचं वय सांगणारे थूलभाऊ

थूलभाऊंनी कुठलाही आलेख कधी बसून पाहिला नाही. कागद भिंतीला चिकटवायचा, दारापर्यंत मागं जायचं आणि एक डोळा बारीक करायचा. "जवळून कागद दिसते मॅडम, लांबून आकार दिसते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात ते भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते.

मी तेव्हा तिथंच शिकवत पीएचडी करत होते. शेजारच्या दीर्घिकेतल्या तारकागुच्छांची वयं काढायची. गुच्छातल्या ताऱ्यांचे रंग आणि तेज मांडले की ठिपक्यांची रेघ होते आणि वर कुठेतरी ती वळते. मोठे, निळे तारे आधी मरतात. म्हणून वळण जितकं खाली, तितका गुच्छ म्हातारा. ते वळण माझा संगणक शोधायचा आणि माझा त्याच्यावर फार विश्वास.

एका दुपारी थूलभाऊ दारातून म्हणाले, "मॅडम, याले जवान काऊन म्हणून राह्यल्या? हे वरचे निळे ठिपके घरचे नाई, पावणे आहेत. गुच्छाच्या बाहेरच्या आकाशात पाहा, तेवढेच दिसतीन."

"थूलभाऊ, तुम्ही भिंगं पुसा," मी हसून म्हटलं. घरी जाऊन मात्र गुपचूप मोजून पाहिलं. त्यांचं खरं होतं; ते पाहुणे वगळले की वळण खाली सरकायचं. माझे कितीतरी तरुण गुच्छ म्हातारे निघाले.

लेख पाठवायच्या आदल्या दिवशी ते संकोचत म्हणाले, "यात माहं नाव येईन काय? खाली, बारीक असलं तरी चालते. पोरगी म्हणते, बाबा तिथं फक्त झाडू मारते."

"बघते," मी म्हटलं आणि सगळं माझ्याच नावानं लिहिलं. परिचराचं नाव पाहून लोक काय म्हणतील ही भीती होती. खरं सांगायचं तर, हे मला सुचलं नाही याचा रागही होता.

छापील प्रत त्यांनी मागून घेतली. बोट ठेवत शेवटपर्यंत गेले, आभाराच्या ओळी दोनदा वाचल्या. "छपाई चांगली आहे," म्हणून कागद परत दिला. त्यानंतर मी भिंतीवर मुद्दाम आलेख लावून ठेवायचे; ते खाली मान घालून फरशी पुसायचे.

मागच्या वर्षी ते गेले. सिंदी मेघे गावातल्या त्यांच्या घरी मी भेटायला गेले, तेव्हा मुलीनं चहा दिला आणि विचारलं, "मॅडम, बाबा म्हणत, मी ताऱ्यायचं वय सांगतलं होतं. आम्ही हसत होतो त्यायले. खरं होतं काय ते?"

खोलीत नातेवाईक बसले होते. माझे दोन सहकारीही होते.

"त्यांची मदत व्हायची," मी म्हणाले.

त्या लेखापेक्षा या वाक्याची मला जास्त लाज वाटते. मुलीनं मान हलवली, माझा कप उचलला आणि ती आत निघून गेली.