चुलीच्या पोटातलं पोतेरं

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते थोरल्या वहिनींचे. आई लवकर गेली, दादा फौजेत. चौथीपर्यंत शिकलेल्या वहिनींनी मला चुलीपुढे बसवून अक्षरं गिरवायला लावली. पुढे मी शिराळ्याहून इस्लामपूरच्या कॉलेजला जाऊ लागलो, तेव्हा पहाटेच्या एसटीआधी माझी भाकरी तयार असे. ओल्या पाचटाचा धूर घरभर कोंडलेला असायचा. मी बी.ए. झालो, घरातला पहिला. तोवर वहिनींचे डोळे कायम लाल राहू लागले होते. सुई ओवायला त्या शेजारच्या पोरीला हाक मारत.

मोठ्या दुष्काळानंतर सरपणही मिळेनासं झालं होतं. साताऱ्यात मास्तरकी करताना मी बिनधुराची चूल बांधायला शिकलो आणि उन्हाळी सुट्टीत गावी आलो. आळीतल्या बायका जमल्या. माती, शेण, भुसा त्यांनीच मळला. धुराची वाट पोकळ राहावी म्हणून मातीत केळीच्या खोडाचा सोट ठेवायचा आणि माती आवळली की ओढून काढायचा. कुंभाराकडचे नळ जोडून धुराडं कौलांबाहेर काढलं.

पहिली चूल वहिनींची पेटली. धूर वरून निघून गेला.

"आवं भावजी," वहिनी म्हणाल्या, "आता धाकटी जाऊ टाकून बोलली तर रडायचं कशाच्या नावावर?"

"कांदा हाय की," शेजारची म्हातारी म्हणाली. "लय रडायचं आसंल तर माझ्या घरी ये. माझी चूल आजून जुनीच हाय."

मग एकमेकींच्या घरी जाऊन त्यांनी साऱ्या आळीच्या चुली बांधल्या. वहिनींचे डोळे वाचले, असं समजून मी परतलो.

दिवाळीला आलो तर घर धुरानं भरलेलं. आमच्याकडे रोज सकाळी चुलीवर शेणमातीचं पोतेरं फिरवल्याशिवाय कुणी ती पेटवत नाही. ही चूल तर नवी, आपल्या हातची. बायकांनी ती जास्तच मनापासून सारवली, बाहेरून आणि हात पोचेल तिथवर आतूनही. थरावर थर चढून धुराची वाट बुजली होती. नळ झाडायला सांगितलं होतं, ते त्या करत होत्या. सारवण्यानं वाट बुजेल, हे माझ्यासकट कुणाच्या मनातच आलं नव्हतं. आतला थर खरवडायला गेलो तर चुलीची भिंतच ढासळली.

"ऱ्हाऊ द्या," वहिनी म्हणाल्या. "न सारवता चूल पेटवायची व्हय?"

"बाहेरून सारवा. आत नको."

"आत कुठं आन् बाहेर कुठं, मला आता दिसतंय का? हाताला लागंल तिथं फिरवते."

दुसऱ्या दिवशी त्यांना मिरजेला नेलं. गेलेली नजर परत यायची नाही, असं डॉक्टर म्हणाले. आळीत एकेकीनं चूल पाडून पुन्हा तीन दगड मांडले. साताऱ्याला पोचल्यावर मी वहिनींना लिहिलं:

"सौ. वहिनींना नमस्कार. मी पोचलो. दादाला कळवलं आहे. चूल पुन्हा बांधू, असं लिहायला बसलो होतो, पण हात चालेना. आळीत कुणी बांधलीच तर आतून सारवू नका, एवढं सांगा. तुम्ही माझी पत्रं स्वतः वाचायचात, म्हणून मी अक्षर मोठं काढायचो. हेही सवयीनं मोठंच काढलं आहे. शेजारच्या पोरीकडून वाचून घ्या."